फ्रेंच आकडे शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नवशिक्यांना फ्रेंच शिकवते. वर्गात आठवीतली मुलं असतात, कॅनडाला निघालेले इंजिनिअर असतात, नातवंडं पॅरिसला आहेत म्हणून आलेले आजी-आजोबाही असतात. वयं वेगळी असली तरी आकड्यांचा धडा आला की प्रश्न तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण ते आधारापुरतेच. ‘दऽ’ असं लिहिलं असेल तिथे ‘अ’ लांबवायचा आणि ओठ शिट्टी मारताना करतो तसे गोल करायचे. चंद्रबिंदू किंवा अनुस्वार दिसला तर स्वर नाकातून काढायचा, पुढे ‘न्’ किंवा ‘म्’ ऐकू येता कामा नये. कान तयार झाले की देवनागरी सोडून द्या.

सुरुवात कुठून करू? १ ते १०० एका दमात पाठ करू का?

नको. आधी ० ते १६ एवढेच घ्या, कारण त्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे आणि पुढची सगळी इमारत या सतरा शब्दांवर उभी आहे.

झेरो, अं, दऽ, त्रवा, कात्र, सॅंक, सीस, सेत, वीत, नऽफ, दीस. मग ओँझ (११), दूझ (१२), त्रेझ (१३), कातोर्झ (१४), कॅंझ (१५), सेझ (१६).

१७ पासून जोडकाम सुरू होतं: दीसेत म्हणजे दहा-सात, दीझवीत म्हणजे दहा-आठ, दीझनऽफ म्हणजे दहा-नऊ. वीस म्हणजे वॅं.

हे आकडे क्रमाने म्हणता आले की शिकून झाले, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच गाडी अडते. बेकरीवाली बाई तुम्हाला एक ते बारा म्हणून दाखवायला सांगत नाही. ती एकदम ‘बारा’ म्हणते आणि तुम्ही पैसे काढायचे असतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासूनच क्रम मोडा. पत्त्यांचा कॅट घ्या, पान उलटा, आकडा म्हणा. बसच्या पाट्या वाचा, समोरच्या गाडीच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे वाचा. सात दिवसांत हे सतरा शब्द कुठूनही विचारले तरी आले पाहिजेत. तोवर पुढे जाऊ नका.

मराठी माणसाला उच्चारात कुठे अडचण येते आणि कुठे फायदा होतो?

फायदा आधी सांगते. फ्रेंचमधले ‘त’ आणि ‘द’ दातांजवळ उच्चारले जातात, अगदी आपल्या त-द सारखे. इंग्रजीच्या सवयीने आपण ‘ट्रवा’, ‘डीस’ म्हणतो. ते सोडा आणि सरळ ‘त्रवा’, ‘दीस’ म्हणा, निम्मा परकेपणा तिथेच जातो. ओँझ, दूझ, त्रेझ यांतला ‘झ’ ‘माझा’मधल्या ‘झ’च्या जवळचा आहे, ‘माझी’मधल्या नाही. तो थोडा सैल सोडला, मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा, की जमला.

नाकातल्या स्वरांना मात्र वेळ द्यावा लागतो. प्रमाण मराठीत ते जवळपास राहिलेले नाहीत. कोकणी ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांना ते पटकन जमतात, असं मी वर्गात वारंवार पाहिलंय, कारण ते स्वर त्यांच्या तोंडात आधीपासून असतात. बाकीच्यांनी ‘सॅं’ आणि ‘साँ’ यांच्या फरकावर मेहनत घ्यावी. पहिल्यात तोंड आडवं पसरतं, दुसऱ्यात उभं उघडतं. सॅंक म्हणजे पाच आणि साँ म्हणजे शंभर, म्हणजे हा फरक शेवटी पैशांचा आहे.

‘एक’ला दोन रूपं आहेत. पुल्लिंगी नामापुढे अं, स्त्रीलिंगी नामापुढे ऊन (ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची). २१, ३१ यांतही हे लिंग पाळायचं. दोनपासून पुढे ही भानगड नाही. मराठीत दोघे, दोघी, दोन असं सगळं सांभाळणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

२० ते ६९ कसे जमवायचे?

हा सोपा टप्पा आहे. त्राँत (३०), काराँत (४०), सॅंकाँत (५०), स्वासाँत (६०) हे चार शब्द घ्या आणि पुढे एकक जोडा. ३४ म्हणजे त्राँत-कात्र. फक्त २१, ३१, ४१, ५१, ६१ यांत मध्ये ‘आणि’ येतो: त्राँत-ए-अं, तीस आणि एक.

एक बारकावा आहे. नुसत्या विसाचा शेवटचा ‘त’ मुका असतो, पण २१ ते २९ मध्ये तो ऐकू येतो: वॅं-ते-अं, वॅंत-दऽ, वॅंत-त्रवा.

सत्तरपासून पुढे डोकंच चालत नाही. काय करू?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि याला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

फ्रान्समध्ये सत्तरला स्वतंत्र शब्द नाही. सत्तर म्हणजे साठ-दहा: स्वासाँत-दीस. ७१ म्हणजे साठ आणि अकरा: स्वासाँत-ए-ओँझ. ७२ साठ-बारा, ७५ साठ-पंधरा, ७९ साठ-एकोणीस. ऐंशी म्हणजे चार-वीस: कात्र-वॅं. ८१ चार-वीस-एक, ८९ चार-वीस-नऊ. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा: कात्र-वॅं-दीस. ९१ चार-वीस-अकरा, आणि ९९ म्हणजे कात्र-वॅं-दीझनऽफ, चार-वीस-एकोणीस. ७१ मध्ये ‘आणि’ आहे, पण ८१ आणि ९१ मध्ये नाही. आणि विसाचा जो ‘त’ २२ मध्ये ऐकू येत होता तो इथे पुन्हा मुका होतो: कात्र-वॅं-अं, कात्र-वॅं-दऽ.

बोलताना हे आठ-दहा दिवसांत जमतं, खरी परीक्षा ऐकताना होते. समोरचा ‘स्वासाँत’ म्हणाला की आपला हात लगेच ६ लिहितो. मग कानावर ‘कॅंझ’ पडतं आणि ६ खोडून ७५ लिहावे लागतात, तोवर पुढचा आकडा निघून गेलेला असतो. ‘कात्र’ ऐकलं की ४ लिहिला जातो आणि मागून ‘वॅं’ येतं.

त्यावर मी एकच सवय लावते: स्वासाँत किंवा कात्र ऐकू आलं की पेन वर उचलायचं. पुढचा शब्द ऐकल्याशिवाय कागदाला लावायचं नाही. स्वासाँतनंतर एक ते नऊपैकी काही आलं तर साठीतला आकडा, दहा ते एकोणीसपैकी आलं तर सत्तरीतला. कात्र-वॅंचंही तसंच, पुढे लहान आकडा आला तर ऐंशी, दहा किंवा त्याच्या वरचा आला तर नव्वद. म्हणजे ऐकण्याचं सगळं ओझं पुन्हा त्या ११ ते १९ वर येऊन पडतं. ज्यांचं ते कच्चं असतं त्यांना सत्तरीत रडू येतं, म्हणून पहिल्या आठवड्यात मी त्यांना पुढे जाऊ देत नाही.

आणि कृपा करून मनात ‘४ × २० + १०’ असा गुणाकार करू नका. फ्रेंच मूल तो करत नाही. त्याच्यासाठी ‘कात्रवॅंदीस’ हा एकच शब्द आहे, जसा आपल्यासाठी ‘एकोणनव्वद’ आहे. ते म्हणताना आपण नव्वदातून एक वजा करतो का?

पण असं विसाविसाने मोजायचं कारण काय?

हात आणि पाय मिळून बोटं वीस, म्हणून विसाचा गठ्ठा करायची रीत जगात बऱ्याच ठिकाणी आहे. फ्रान्सच्या वायव्येला बोलल्या जाणाऱ्या ब्रेतॉं भाषेत ऐंशीला ‘चार-वीस’च म्हणतात, नैऋत्येच्या बास्क भाषेतही तसंच. फ्रेंचमध्ये ही रीत गॉल लोकांच्या, म्हणजे फ्रान्सच्या प्राचीन रहिवाशांच्या, जुन्या केल्टिक भाषेतून आली असं अनेकजण मानतात, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.

एवढं नक्की की मध्ययुगात ही रीत आजच्यापेक्षा पसरलेली होती. साठला तीन-वीस, एकशेवीसला सहा-वीस म्हणत. पॅरिसमध्ये बास्तीयजवळ आजही डोळ्यांचं एक मोठं रुग्णालय आहे, त्याचं नाव ‘कॅंझ-वॅं’, म्हणजे पंधरा-वीस. राजा नववा लुई याने १२६० च्या सुमारास तीनशे अंधांसाठी जो आश्रय उभारला, त्याचं हे नाव. १५ × २० = ३००. मोजण्याची रीत गेली, दारावर नाव राहिलं.

त्याच काळात लॅटिनमधून आलेले सत्तर, ऐंशी, नव्वदचे सरळ शब्दही चालू होते. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या शिष्ट भाषेने विसाची रीत उचलली आणि ती फ्रान्सभर प्रमाण ठरली.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असा हिशेब करणारी माणसं खेड्यापाड्यांतून होती, आणि वीस नगांना ‘कोडी’ म्हणतातच. मी वर्गात कात्र-वॅं शिकवते तेव्हा एखादे आजोबा हमखास म्हणतात, ‘अहो, म्हणजे चार विसाच की!’ त्या दिवशी तरुण मुलांपेक्षा त्यांना धडा लवकर समजलेला असतो.

बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सोपे शब्द आहेत म्हणे. तेच शिकलं तर?

आहेत. दोन्ही देशांत सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत म्हणतात. ७५ म्हणजे सेप्ताँत-सॅंक, इतकं सरळ. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातही, तिथे बेल्जियमची सत्ता होती म्हणून, हेच शब्द चालतात. ऐंशीला मात्र बेल्जियममध्ये कात्र-वॅंच म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये व्हो, व्हाले आणि फ्रिबूर या प्रांतांत वीताँत म्हणतात, पण जिनिव्हात कात्र-वॅं.

ब्रुसेल्सला नोकरी लागली असेल तर खुशाल सेप्ताँत म्हणा. बाकीच्यांनी, कॅनडातल्या क्वेबेकला जाणाऱ्यांनीसुद्धा, फ्रान्सची रीत बोलायला शिकावी आणि हे शब्द कानाला ओळखीचे ठेवावेत. पॅरिसमध्ये कुणी नोनाँत म्हटलं तर लोकांना कळतं, फक्त ‘तुम्ही बेल्जियमचे का?’ असा प्रश्न येऊ शकतो.

फ्रेंच आकडे मराठी आकड्यांपेक्षा अवघड आहेत का?

माझं प्रामाणिक मत: नाहीत. मराठीत १ ते १०० मधला जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. बावन्न, त्रेपन्न, चौपन्न ऐकून पंचावन्नचा अंदाज कुणाला बांधता येईल? शिवाय एकक आधी आणि दशक नंतर, आणि नऊ आले की पुढच्या दशकातून एक उणा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावन्न’च्या जोडीला ‘पन्नास सात’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, तो आठवत असेल. फ्रेंच आकडे पन्नास-सात याच घाटाचे आहेत, दशक आधी आणि एकक नंतर. शंभरापर्यंत मोजायला त्यांना पंचविसेक शब्द पुरतात.

ज्याने लहानपणी अडुसष्ट, एकोणसत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी पचवले आहेत, त्याने साठ-दहाला घाबरू नये. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, मला तसंच दिसतं.

एकच आकडा कधी सी, कधी सीस, कधी सीझ का ऐकू येतो?

पुढे काय येतं त्यावर ते ठरतं. सहा एकटाच असेल तर सीस. पुढे व्यंजन असेल तर सी: सी पेर्सॉन, सहा माणसं. पुढे स्वर असेल तर सीझ: सीझाँफाँ, सहा मुलं. दहाचंही हुबेहूब असंच, दीस, दी, दीझ. आठचा ‘त’ व्यंजनापुढे गळतो. नऊचा ‘फ’ वर्षं आणि तास यांच्यापुढे ‘व्ह’ होतो: नऽव्हाँ, नऽव्हर.

नियम वाचून हे जिभेवर बसत नाही. ‘मला इतकी वर्षं झाली’ हे वाक्य एक ते वीसपर्यंत सगळ्या आकड्यांनी मोठ्याने म्हणा: अं-नाँ, दऽझाँ, त्रवाझाँ, कात्राँ, सॅंकाँ... वॅंताँ. रोज दोन मिनिटं पुरतात. फ्रेंचमध्ये वय सांगताना ‘वर्षं’ हा शब्द टाळता येत नाही, त्यामुळे हा सराव वायाही जात नाही.

वेळ सांगताना दोन आणि बारा यांत गोंधळ होतो.

होणारच. दोन वाजता म्हणजे दऽझर आणि बारा वाजता म्हणजे दूझर. फरक एका स्वराचा. तसंच सीझर (सहा) आणि दीझर (दहा). गाडीची वेळ असेल तर पुन्हा विचारण्यात कमीपणा मानू नका. बोलताना दुपारच्या बाराला बहुतेक ‘मिदी’ म्हणतात, तेवढीच सुटका. रेल्वे स्थानकावरच्या घोषणा चोवीस तासांच्या घड्याळाने होतात, म्हणून दुपारचे दोन तिथे कातोर्झ असतात.

या बाबतीत मराठी माणूस इंग्रजीवाल्याच्या पुढे आहे. ‘त्रवाझर ए कार’ म्हणजे सव्वातीन. ‘त्रवाझर ए दमी’ म्हणजे साडेतीन. ‘त्रवाझर म्वॅं ल कार’, शब्दशः ‘तीनला पाव कमी’, म्हणजे आपलं पावणेतीन! दीड आणि अडीचला मात्र वेगळे शब्द नाहीत, एक आणि अर्धा, दोन आणि अर्धा असंच म्हणायचं.

फोन नंबर कसा वाचतात?

फ्रान्समध्ये नंबर दहा आकडी असतो आणि दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत वाचला जातो. आपण एकेक आकडा सुटा सांगतो, ते ‘शून्य-सहा, एकोणचाळीस...’ असं सांगतात. ०६ किंवा ०७ ने सुरू झाला तर मोबाइल. ०१ म्हणजे पॅरिस परिसर आणि ०२ ते ०५ म्हणजे फ्रान्सचे बाकीचे चार भाग, असं २०२३ पर्यंत होतं; आता ते बंधन राहिलेलं नाही.

सिनेमा-मालिकांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतला एक नंबर घेऊ: झेरो-सीस, त्राँत-नऽफ, कात्र-वॅं-दीझवीत, स्वासाँत-कॅंझ, कात्र-वॅं-ओँझ. नवखा विद्यार्थी लिहितो: ०६ ३९ ४ २० १८ ६० १५ ४ २० ११. खरा नंबर आहे ०६ ३९ ९८ ७५ ९१. जोड्या पाचच असतात हे लक्षात ठेवलं तर चूक निदान कळते तरी.

लाख आणि कोटी कसे सांगायचे?

ते शब्द नाहीत. साँ म्हणजे शंभर, मील म्हणजे हजार, मग एकदम मीलिओँ, दहा लाख. एक लाख म्हणजे साँ मील, शंभर हजार. एक कोटी म्हणजे दी मीलिओँ. शंभर कोटी म्हणजे अं मीलियार. आणि इथे जपा: फ्रेंचमधला ‘बीलिओँ’ म्हणजे इंग्रजीतला बिलियन नव्हे, तो लाख कोटी आहे. कंपनीच्या ताळेबंदाचं भाषांतर करणाऱ्यांनी हे टेबलावर लिहूनच ठेवावं.

लिहिताना हजारांच्या गटानंतर मोकळी जागा सोडतात आणि दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम देतात. आपले १२,५०,००० तिथे १ २५० ००० होतात, आणि अडीच युरोची किंमत २,५० अशी लिहिलेली असते. हाताने लिहिलेला १ लांब शेंडीचा आणि ७ मध्ये आडवी रेघ, हेही ओळखायला शिका.

‘वीसेक माणसं’ असं फ्रेंचमध्ये म्हणता येतं का?

येतं, आणि हा मला फार आवडणारा भाग आहे. आपण आकड्याला ‘-एक’ जोडतो, ते ‘-एन’ जोडतात. दहाएक: दीझेन. वीसेक: वॅंतेन. शंभरेक: साँतेन. दूझेन म्हणजे बारा नग. आपण केळी ज्या ‘डझना’वर घेतो तो शब्द याच जुन्या फ्रेंच शब्दातून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला. काराँतेन म्हणजे चाळीसेक, आणि साथीत माणसांना वेगळं ठेवतात तेही.

आणखी एक गंमत बघा. सात दिवसांच्या मुदतीला आपण ‘आठवडा’ म्हणतो. फ्रेंच माणूसही बोलताना ‘वी झूर’, आठ दिवस, म्हणतो आणि त्याला एक आठवडाच सांगायचा असतो. दोन आठवड्यांना तो ‘कॅंझ झूर’, पंधरा दिवस म्हणतो. आपला पंधरवडाच! इंग्रजीत शिकलेली मुलं इथे अडखळतात, मराठीत विचार करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

अक्षरी लिहिताना काय सांभाळायचं?

ऐंशी एकटा असेल तर शेवटी अनेकवचनाचा ‘एस’, पुढे आकडा आला की तो जातो. दोनशे, तीनशेचंही तसंच. हजाराला तो कधीच लागत नाही. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर आकड्यातले सगळे शब्द जोडरेघेने जोडायला परवानगी आहे. जुनी रीतही बरोबर धरतात, फक्त एकाच कागदावर दोन्ही मिसळू नका.

डेल्फ या फ्रेंच प्रमाणपत्र परीक्षेच्या पहिल्या पातळीला आकडे किती महत्त्वाचे?

ए-वन पातळीला चार विभाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला शंभरात ५० आणि प्रत्येक विभागात किमान ५. ऐकण्याच्या विभागात किंमत, वेळ, फलाट, फोन नंबर असं काहीतरी येतंच. ध्वनिफीत दोनदा ऐकवतात. पहिल्या वेळी पेन वर उचलण्याची सवय मोडू देऊ नका.

लहान मुलांना कसं शिकवू?

बोटांवर. फ्रेंच मूल मोजताना अंगठ्यापासून सुरुवात करतं, अंगठा एक, तर्जनी दोन. आपली मुलं बोटांच्या पेरांवर मोजत असतील तर तसंच मोजू द्या, फक्त शब्द फ्रेंच असू द्या. जिन्याच्या पायऱ्या, पोळ्या, शेंगा, काहीही मोजा. लिहिण्याची घाई नको.

सरावासाठी काही द्याल का?

खालचे पाच आकडे घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा, तुम्ही न बघता ऐका, पेन वर धरून.

स्वासाँत-दूझ. कात्र-वॅं-कातोर्झ. स्वासाँत-दऽ. साँ कात्र-वॅं-त्रवा. मील नऽफ साँ कात्र-वॅं-दीसेत.

उत्तरं: ७२, ९४, ६२, १८३, १९९७.